पांढऱ्या दोऱ्याच्या बॉबिनी

लग्नानंतर दोन वर्षांनी आमच्या घरात शिलाई मशीन आलं आणि मशीनच्या मागोमाग दोऱ्यांचा पसारा आला. सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा सुमार असेल. पोलादपूरपासून आंबेनळीच्या रस्त्याला मैलभर आत आमची बौद्धवाडी, वीस-बावीस घरांची. मी पोलादपुरातल्या एका कचेरीत कारकून होतो. जुनं रेकॉर्ड सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. आई-वडील लवकर गेले. घरात आम्ही दोघंच, आणि भिंतीला भिंत लागून माझी विधवा आत्या राहायची.

बायको तुडीलची. लग्नाआधी सहा महिने ती रोज महाडला जाऊन एका बाईंकडे शिवण शिकली होती. मशीन तिच्या मुंबईच्या मामांनी दिलं. त्यांनी नवीन घेतलं तेव्हा जुनं भाचीला पाठवलं, एसटीच्या टपावर बांधून. पायाने चालवायचं, काळं, त्यावरची सोनेरी वेलबुट्टी अर्धी उडालेली. वाडीतल्या चार पोरांनी आणि मी ते रस्त्यावरून घरापर्यंत उचलून आणलं. त्या दिवशी अख्खी वाडी आमच्या ओट्यावर होती.

महिन्याभरात शिवायला कपडे येऊ लागले. आधी वाडीतले, मग खालच्या गावातले, मग वरच्या आळीतल्या शेतकऱ्यांच्या घरचे. परकर, पोलकी, मुलींचे फ्रॉक. बायकोचा हात चांगला होता. एकदा अंगावरून नजर फिरवली की माप घ्यायच्या आधीच तिला छाती किती, बाही किती याचा अंदाज यायचा.

तिचे दोरे मात्र मला बघवत नसत. बिस्किटांचा एक मोठा गोल डबा होता. त्यात लाकडी रिळं एकावर एक पडलेली, आणि बहुतेक प्रत्येक रिळाला कसली ना कसली चिंधी गुंडाळलेली. रंगीत दोरा भरलेल्या बॉबिनी, म्हणजे मशीनच्या पोटात बसणाऱ्या खालच्या दोऱ्याच्या चकत्या, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. पांढऱ्या बॉबिनी एका नाडीत ओवून मशीनच्या मानेला टांगलेल्या. आणखी दहा-बारा जुन्या, वाकड्या झालेल्या बॉबिनी दारामागच्या खुंटीवर निळ्या पिशवीत. त्यांच्यावरही पांढराच दोरा होता, कुठे चार वेढे, कुठे दहा.

मी पडलो रेकॉर्डचा माणूस. कचेरीत आमची दप्तरं रुमालात बांधलेली असायची. प्रत्येक रुमालावर चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. साहेबांनी कागद मागितला की दोन मिनिटांत मी तो टेबलावर ठेवत असे, आणि याचा मला फार अभिमान होता. घरी येऊन तो डबा पाहिला की हात शिवशिवायचे.

"अगं, ह्यात तुला सापडतं कसं?" मी एकदा विचारलं.

"सापडतं की."

"हिरवा काढून दाखव बरं."

"कुठला हिरवा? शाळेच्या बाईंचा, का वरच्या आळीतल्या नव्या सुनेचा?"

"हिरवा म्हणजे हिरवा."

ती हसली आणि पायडल मारायला लागली. माझ्या मते हे काही उत्तर नव्हतं.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी तुडीलहून निरोप आला. तिची आई सावित्रीवर धुणं धुताना घसरून पडली होती, उजवं मनगट मोडलं होतं. बायको दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीने गेली. जाताना म्हणाली, "दहा दिवस तरी लागतील. आत्या भाकरी करून देतील. शिवायला कोण आलं तर सांगा, मी आल्यावर बघते."

मशीनवर तिने जुनं लुगडं टाकलं होतं. पहिला रविवार आला आणि मला राहवेना.

बाजारात एका दुकानदाराकडून खोक्याच्या फळ्या मागून आणल्या. रंधा मारला, दोन फळ्या जोडल्या, पेन्सिलीने रेघा ओढल्या आणि बोटभर अंतरावर खिळे ठोकले. खिळे थोडे वर कलते, म्हणजे रीळ घसरू नये. फळी मशीनच्या वरच्या भिंतीवर बसवली. मग डबा रिकामा केला. रिळांना गुंडाळलेल्या चिंध्या सोडवल्या, त्यांचा हा एवढा ढीग झाला. तो मी आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातला. रिळं रंगाप्रमाणे लावली: वरच्या ओळीत लाल आणि गुलाबी, मग पिवळी, मग हिरवी, निळी, काळी. प्रत्येक खिळ्याखाली नंबर लिहिला.

आत्या दारात उभी राहून बघत होती.

"काय करतोस रे?"

"नीट लावतोय, आत्ये."

"तिला इचारलंस?"

"तिला आवडेल."

"इचारलंस काय, म्हनते मी."

मी पुढचं रीळ खिळ्यावर चढवलं. आत्या कोंबड्यांकडे गेली.

पुढच्या रविवारी मी बॉबिनी घेतल्या. नाडीतल्या पांढऱ्या बॉबिनी जवळजवळ सगळ्या अर्ध्यामुर्ध्या होत्या. दारामागच्या पिशवीतल्या तर अगदीच नावाला भरलेल्या. एवढ्या तेवढ्या दोऱ्यासाठी एक-एक बॉबिन अडकवून ठेवायची, हे मला पटेना. मी एकीचा दोरा दुसरीवर, दुसरीचा तिसरीवर असा गुंडाळत गेलो. टोक आलं की बारीक गाठ मारायची, शेपूट कात्रीने कापायचं आणि पुढे चालू. दुपारभर ते काम पुरलं. शेवटी गच्च भरलेल्या अकरा पांढऱ्या बॉबिनी तयार झाल्या. त्या मी फळीच्या खालच्या ओळीत, एकसारख्या, नंबर घालून लावल्या. रिकाम्या झालेल्या वाकड्या बॉबिनी पुन्हा निळ्या पिशवीत टाकल्या. लांब उभा राहून फळीकडे पाहिलं तेव्हा साहेबांना बोलावून दाखवावी असं वाटलं.

बायको बाराव्या दिवशी आली. पिशवी हातातच होती, ती भिंतीसमोर उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"चिंध्या कुठायत?" तिने विचारलं.

"कसल्या चिंध्या?"

"रिळांच्या."

"त्या होय? जाळल्या. कचराच होता ना."

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. आत जाऊन पाणी प्याली. दाराआडची निळी पिशवी चाचपून पाहिली आणि परत खुंटीला लावली. मग बाहेर येऊन म्हणाली, "फळी चांगली झालीय."

मी त्या वाक्यावर खूश होतो. पुढच्या बाजाराला तिने कच्च्या दोऱ्याची नवी लच्छी आणायला सांगितली, ती मी आणली. कपडा मशीनवर घालायच्या आधी हाताने जे लांब लांब टाके घालतात, त्यासाठी हा दोरा लागतो. काम झालं की तो ओढून टाकायचा असतो, म्हणून तो मुद्दामच हलका, चटकन तुटणारा असतो. मला तेव्हा एवढंही माहीत नव्हतं. दोरा म्हणजे दोरा.

त्याच सुमारास वाडीतल्या शाळेच्या बाईंनी एक गोष्ट काढली. त्या महाडच्या, आमच्याच समाजातल्या, वाडीत खोली घेऊन राहायच्या. चवदार तळ्यावर मार्च महिन्यात लोक जमतात तेव्हा त्यांनी दुसऱ्या गावच्या बाया एकसारख्या पांढऱ्या साड्यांत आलेल्या पाहिल्या होत्या. त्या आमच्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "यंदा जयंतीला आपल्या वाडीतल्या सगळ्या बायकांनी पांढरी साडी, पांढरं पोलकं घालायचं. मिरवणूक पोलादपूरच्या बाजारातून जाते. दिसू दे जरा."

साड्या बऱ्याच जणींकडे होत्या, पोलकी नव्हती. बाईंनी महाडहून पांढऱ्या पॉपलिनचा ताका आणला आणि बायकोने अठरा पोलकी शिवायची कबूल केली. हातात जेमतेम तीन आठवडे होते.

ती पहाटेची कामं उरकून मशीनवर बसायची, ते मी कचेरीतून परत येईपर्यंत. कापलेले तुकडे एका बाजूला, शिवलेली पोलकी दुसऱ्या बाजूला. वाडीतल्या बाया येता-जाता डोकावायच्या. कोणाला बाही लांब हवी, कोणाला गळा बंद हवा. आत्याने तर माप द्यायला चार दिवस लावले. "मला नको, मी म्हातारी," असं म्हणायची आणि संध्याकाळी परत येऊन विचारायची, "कापड उरनार हाय काय गो?" बायकोने शेवटी तिला हाताला धरून उभं केलं आणि माप घेतलं.

एक दिवस जेवताना बायको म्हणाली, "मशीन हल्ली मधेच अडखळतंय. तेल घातलं, सुई बदलली, तरी तेच."

घास माझ्या हातात राहिला. मी मारलेल्या गाठी बॉबिनच्या डबीवरच्या बारीक पत्तीखालून जाताना अडकत असणार, हे माझ्या लक्षात आलं. पण मी बोललो नाही. अकरा बॉबिनी आज ना उद्या संपतील, गाठीही संपतील, कशाला उगाच, असं मनात म्हटलं. "जुनं आहे मशीन," एवढंच बोललो.

"होय," ती म्हणाली आणि पुन्हा तेलाची कुपी शोधायला उठली.

जयंतीच्या दोन दिवस आधी अठराच्या अठरा पोलकी घरोघर गेली. बायको त्या संध्याकाळी ओट्यावर पाय पसरून बसली होती. मान अवघडली होती, पण खूश होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला शाळेच्या बाई आल्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. ओट्यावर बसल्या, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि मग कागद उलगडला.

"रागावू नका हं," त्या बायकोला म्हणाल्या. "मी घालून बघितलं. बसलंय अगदी सुरेख. पण फळ्यावर लिहायला हात वर करतो ना, तसा केला आणि इथं गेलं."

काखेतली शिवण चार बोटं उसवली होती. कापड शाबूत होतं, दोराच तुटला होता. बायकोने पोलकं उलटं केलं, खालच्या बाजूचा दोरा सुईने उचकून ओढला, उजेडात धरला, मग दोन बोटांत घेऊन नुसता ताणला. तो लगेच तुटला.

"हा कच्चा दोरा आहे," ती म्हणाली. "हा बॉबिनीत कसा आला?"

बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. बायको बघत होती. मी दाढी करत होतो, अर्ध्या गालाला साबण. तसाच उठलो आणि सगळं सांगून टाकलं. पिशवीतल्या बॉबिनी, नाडीतल्या बॉबिनी, एकीवर एक गुंडाळलेला दोरा.

"किती बॉबिनी भरल्यात तुम्ही?"

"पांढऱ्या सगळ्या. अकरा."

"गाठी मारून?"

"हो."

"म्हणजे मशीन अडखळत होतं ते…"

"हो."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं."

"गाठींचं ठाऊक होतं. कच्च्या दोऱ्याचं नव्हतं."

बाई अंगणातल्या शेवग्याकडे बघत बसल्या. बायको ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "पिशवीतल्या बॉबिनी रिकाम्या लागल्या तेव्हा मला वाटलं, चिंध्यांबरोबर कच्चा दोराही जाळलात. तो लच्छीत गुंततो म्हणून मी त्या वाकड्या बॉबिनींवर ठेवत होते. म्हणून तर वेगळी पिशवी." तिने मोजणी केली. "अठरा पोलकी. उद्या सकाळी मिरवणूक."

"मी कचेरीत जाऊन…" मी सुरुवात केली.

"तुम्ही आज कचेरीत जाऊ नका," ती म्हणाली. "तोंड धुवा, आधी बाजारातून पांढरा दोरा आणा आणि मग सगळी पोलकी गोळा करून आणा. दोरा दुकानाबाहेर उजेडात नेऊन बघा. निळसर पांढरा हवा, पिवळसर नको. साठ नंबर."

मी कचेरीतल्या शिपायाच्या हाती रजेची चिठ्ठी दिली आणि बाजारात गेलो. दुकानदाराने पुढे केलेली रिळं एक-एक करून रस्त्यावर नेऊन उन्हात धरली. तोपर्यंत मला वाटायचं, पांढऱ्याला कसल्या छटा? त्या दिवशी एकाच दुकानात चार निघाल्या. सहा रिळं घेऊन परत आलो आणि घरोघर फिरायला लागलो.

पहिल्या घरी काय सांगावं ते सुचेना. म्हणून खरं तेच सांगितलं. दुसऱ्या घरी पोचलो तोवर तिथे आधीच कळलं होतं.

"काय भाऊजी, आता मशीनवर तुमी बसनार काय?" एकीने विचारलं.

"बसतील की," तिची सासू आतून म्हणाली. "नंबर घालून शिवतील."

एकीने पोलकं धुऊन नीळ घालून वाळत टाकलं होतं, ते ओलंच घेतलं. एकजण शेतावर गेली होती, तिची मुलगी पळत जाऊन किल्ली घेऊन आली. तासाभरात, बाईंचं धरून, सतरा पोलकी जमली. अठरावं आत्याचं.

आत्या चुलीपुढे बसली होती. मी सांगितलं ते तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माजं नाय द्यायची."

"आत्ये, उसवेल ते."

"उसवलं तर उसवलं. मला नीट बसलंय."

"संध्याकाळी परत देतो ना."

"नाय म्हटलं ना. जन्मात पयल्यांदा मापाचं पोलकं शिवलंय कुनी. आजवर दुसऱ्याचं उतरलेलं घातलं, नाय तर बाजारातलं ढगळ. रात्री उशाला घेऊन निजले मी. ते आता काढून देऊ, आनि तू परत काय तरी करशील त्याचं."

मी हातावरची पोलकी सावरली आणि निघालो. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "राहू दे त्यांचं."

तिने माझ्या भरलेल्या बॉबिनी एकेक करून घेतल्या. काही रिकाम्या झाल्या होत्या, पाचांवर अजून दोरा होता. ब्लेडने तो उभा कापला आणि गुंडाळी चुलीत टाकली. मग नव्या रिळावरून स्वतः बॉबिनी भरल्या. मला पडवीत बसवलं आणि अर्धं ब्लेड हातात दिलं.

"प्रत्येक शिवण दोन्ही हातांनी ताणायची. टिकली तर सोडायची. कटकट आवाज आला की तिथून उसवायची, पुढे चांगला दोरा लागेपर्यंत. कापड कापू नका."

मी शिवणी ताणत बसलो. काही पोलकी पूर्ण चांगली निघाली. काहींत दोन्ही काखा, एक खांदा. चांगला दोरा चालू असायचा, मग बारीक गाठ दिसायची आणि गाठीपासून पुढे वीतभर कच्चा. कचेरीत लावलेल्या रुमालांपेक्षा जास्त काळजीने मी त्या दिवशी शिवणी बघितल्या. माझ्या हातून सुटलेलं पोलकं ती घ्यायची, स्वतः एकदा ताणून पाहायची आणि मशीनखाली घालायची. मशीन आता अडखळत नव्हतं. 

दुपारी भाकरी खाताना मी विचारलं, "त्या चिंध्यांचं काय होतं गं?"

तिने भाकरीचा तुकडा मोडला. "ज्या कापडाला जो दोरा जुळवला, त्या कापडाची चिंधी त्या रिळाला. वर्षाने ती बाई तेच पोलकं घेऊन येते, बाही ढिली करा म्हणते. तेव्हा मी चिंधी बघते, रीळ उचलते. हिरवे सगळे एका ओळीत लावलेत तुम्ही. त्यातला बाईंचा कुठला, नव्या सुनेचा कुठला, ते मला आता कापड समोर आल्याशिवाय सांगता येत नाही. तुमच्या कचेरीत कागदाला नंबर असतो ना? तो तुम्ही जाळलात."

मी पाण्याचा तांब्या उचलून प्यालो.

"मला आधी का नाही बोललीस? आलीस त्या दिवशी?"

"तुम्ही किती हौसेने उभे होता फळीखाली. आईकडून आले होते, दमले होते. म्हटलं, जाऊ दे, परत जमवीन." मग म्हणाली, "तुम्ही तरी कुठे बोललात?"

"चुकलं माझं."

"होय," ती म्हणाली आणि हात धुवायला उठली.

शाळा सुटल्यावर बाई आल्या. उसवताना सैल झालेले हूक त्यांनी हाताने लावून दिले. त्यांच्या मागोमाग आणखी दोघी-तिघी आल्या. कोणी इस्त्रीसाठी निखारे पेटवले, कोणी चहा केला. माझी थट्टा चालूच होती, पण तिच्यातला काटा गेला होता. दिवे लागायच्या आत सतरा पोलकी घडी घालून तयार झाली. ती परत पोचवायला मीच गेलो. प्रत्येक घरी बाईने माझ्यासमोर शिवण ताणून पाहिली आणि मगच घेतलं.

जयंतीचा दिवस कडक उन्हाचा होता. सकाळी बुद्धविहाराच्या पडवीतून मिरवणूक निघाली. पुढे लेझीम, मागे मुलं, त्यांच्या मागे बाया चार-चारच्या रांगेत, सगळ्या पांढऱ्या. आंबेनळीच्या रस्त्यावरून खाली उतरणारी ती रांग मी वळणावर उभा राहून बघत होतो. बाजारातले लोक दुकानाच्या पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. माझ्या साहेबांनीही बघितलं.

आत्या बायकोच्या शेजारी चालत होती. तिने दोन्ही हात अंगाला घट्ट धरले होते. ओळखीचे लोक जयभीम करत होते, ती नुसती मान हलवत होती. बायकोच्या पदराला सेफ्टी पिना लावलेल्या मला लांबून दिसल्या. हात न उचलता आत्याने जाताना-येताना दोन्ही वेळचा रस्ता काढला. मिरवणूक वाडीत परत आली, मुलांनी घोषणा दिली, आणि सगळ्यांबरोबर आत्याचाही हात वर गेला. जो काही आवाज झाला तो घोषणेत कोणाला ऐकू आला नसेल. आत्याला आला.

"गेलं गो!" ती बायकोला म्हणाली आणि इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. बायको तिच्या काखेत पिना लावत होती आणि दोघी हसत होत्या. मी जवळ गेलो तर आत्याने मला हाताने लांब व्हायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः पोलकं घेऊन आली. बायको शिवेपर्यंत पदर लपेटून मशीनशेजारीच बसली, आणि शिवून झालं तेव्हा जाताना मला म्हणाली, "हात नाय लावलास ना?"

बायको चार-पाच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मग एके संध्याकाळी तिनेच डबा खाली काढला आणि म्हणाली, "बसा इथे." फळीवरून सगळी रिळं उतरवली. जी बाई कपडा घेऊन येई तिच्या कापडाची चिंधी पुन्हा रिळाला लागू लागली. पूर्ण डबा परत लागायला दोन वर्षं गेली. काही रिळांना शेवटपर्यंत चिंधी मिळाली नाही. ती कोणाची होती हे कधी कळलंच नाही, ती सुट्टी पडून राहिली आणि फाटक्या गोधड्यांना संपली. फळीवर तिने कात्री, मापाची टेप आणि खडू टांगले. नंबर तसेच राहिले.

कच्च्या दोऱ्यासाठी मी तिला लाकडाच्या चपट्या पट्ट्या करून दिल्या, दोन्ही टोकांना खाच पाडून. बॉबिनीसारख्या न दिसणाऱ्या. ह्या वेळी आधी विचारलं. तिने सांगितलं वीतभर लांब हव्यात, मी वीतभर केल्या.

त्र्याऐंशी साली माझी महाडला बदली झाली. वाडीतलं घर आत्याच्या हवाली करून आम्ही महाडला दोन खोल्यांत आलो. काही महिन्यांनी बायकोने तिथे मुलींना शिवण शिकवायला सुरुवात केली. दोन मशीन झाली, मग तीन. सव, तुडील, दासगावकडच्या मुली एसटीने यायच्या. मुली म्हटल्यावर बॉबिनी हरवणं, एकमेकींच्या घेणं, भांडणं आलीच. ती प्रत्येकीला तीन बॉबिनी द्यायची आणि त्या कशा ठेवायच्या ते जिचं तिने ठरवायचं असं सांगायची. एकीने साबणाच्या डबीत ठेवल्या, एकीने केसांच्या रिबिनीत ओवल्या. बायको कोणाला काही म्हणायची नाही. दोरा चुकीचा घातला तर मात्र सगळं उसवायला लावायची.

बॉबिनी भरायचं काम तिने माझ्याकडे दिलं होतं. रविवारी सकाळी मुली नसायच्या. मी रीळ दांडीवर लावायचो, बॉबिन चाकाशेजारच्या खुंटीवर बसवायचो आणि पाय चालवायचो. सुरुवातीला माझी बॉबिन एका बाजूला फुगायची. ती भाजी चिरताना आवाजावरून ओळखायची.

"दोऱ्याला बोट लावा जरा. एका जागी चाललाय."

मी बोट लावायचो.

"काठापर्यंत नको. थोडी जागा ठेवा, नाही तर आत फिरत नाही."

अशाच एका रविवारी मी पाय थांबवला, दोरा तोडला आणि बॉबिन तिच्यापुढे धरली. तिने ती हातात घेऊन फिरवून पाहिली, अंगठ्याने दोरा दाबून पाहिला आणि ताटलीत ठेवली.

"ही चालेल," ती म्हणाली. "अजून चार भरा. निळा पण लागेल उद्या."